आठ कुप्या आणि लीलाबाईचा हात

लीलाबाई प्रयोगशाळेत काय काम करते असं कुणी विचारलं, की ती एका शब्दात सांगायची: वजन. विचारणाऱ्याला वाटायचं, किराणा दुकानासारखं काही असेल. मग ती उजव्या हाताची करंगळी पुढं करायची, नखाच्या टोकावर अंगठा टेकवायची आणि म्हणायची, "एवढ्याचा बी पावभाग." हे सांगताना तिच्या चेहऱ्यावर असा रुबाब असायचा, की पुढचं विचारायची कुणाची छाती होत नसे.

कागदावर तिचं पद होतं रोजंदारी मदतनीस आणि काम होतं काचसामान धुणं. वर्ध्याहून सेवाग्रामकडं जाताना कडुलिंबाच्या झाडांमागं एका ट्रस्टची बैठी पिवळी इमारत होती, पाच खोल्यांची. तिथं मेंदूवर संशोधन चालायचं. लीलाबाई तिथं ९३ साली लागली ती बाटल्या विसळायला, आणि तीन वर्षांत वजनकाट्याच्या खोलीची मालकीण होऊन बसली. कुणी तिला तसं केलं नव्हतं. ती आपली आपण झाली होती, आणि ते कसं, हे सांगायचं तर आधी कापसाचं सांगायला हवं.

लीलाबाई केळझरच्या शेतकरी घरातली. लग्न होऊन वर्ध्यात आली. नवरा महादेवराव सायकली दुरुस्त करायचा, स्वभावानं गरीब, बायकोच्या शब्दाबाहेर न जाणारा. त्यातच दोघांचं सुख होतं. वर्ध्यात आल्यावर ती सेलूजवळच्या एका जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला जाऊ लागली. सुरुवातीला इतर बायांसारखा कापसातला काडीकचरा वेचायची. पण तिच्या बोटांना काहीतरी वेगळं कळत होतं. चिमूटभर रुई दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायची, धागा बघायची आणि सांगून टाकायची: हा माल हिंगणीकडचा, हा ओला तोललेला, यात दोन जातींची भेसळ आहे. जिनिंगचे मालक भैयाजी आधी हसले. मग हसायचे थांबले. पुढं पुढं तर मोठा लॉट आला की "लीलाबाईले बोलावा" असा निरोप यायचा, आणि ती पदर खोचून, बाकीच्या बायांकडं न बघता, पण त्या बघताहेत ना याची खात्री करून, मालाच्या ढिगापाशी जायची.

एकच गोष्ट तिला बारा वर्षं सलत राहिली. तिनं हातानं माल सांगितला तरी भैयाजी प्रत्येक लॉटचा नमुना मुंबईला तपासायला पाठवायचे. रिपोर्ट यायचा तोवर माल अडवून ठेवायचे. तिला हा अपमान वाटायचा. एकदा तिनं तोंडावर विचारलं होतं, माझ्या हातावर तुमचा भरोसा नाही का. भैयाजी म्हणाले, भरोसा आहे म्हणून तर नमुना पाठवतो, नसता तर तुला विचारलंच नसतं. हे उत्तर तिला मुळीच पटलं नाही. मुंबईचा रिपोर्ट तिच्या हाताशी जुळायचाच. दोन-तीनदा जुळला नव्हता, पण त्या वेळी मुंबईवाल्यांची चूक झाली होती, असं तिचं ठाम मत होतं.

९२ साली जिनिंग बंद पडलं. भैयाजींनी यंत्रं विकली, बाया घरी बसल्या. लीलाबाईला घरी बसणं जमणारं नव्हतं. ओळखीतून प्रयोगशाळेचं काम मिळालं, आणि रुई ओढणारी बोटं काचेच्या नळ्या धुऊ लागली.

पुढं ९६ सालचा मे महिना उजाडला. वर्ध्याचा मे म्हणजे काय ते वर्ध्याच्या माणसाला सांगायला नको. ओठ फुटतात, हवेत ओलाव्याचा थेंब नसतो. धनंजय नावाचा पुलगावचा एक मुलगा तिथं पीएचडी करत होता. हुशार, सडपातळ आणि कायम घाईत. तो वजनकाट्यापाशी बसून रडकुंडीला आला होता. कुपीतली पांढरी भुकटी चमच्यावर घ्यायला जावं, तर ती उडायची, चमच्याच्या दांड्याला चिकटायची, काट्याच्या काचेवर जाऊन बसायची. भुकटी होती चिमूटभर, आणि त्या चिमटीसाठी प्रयोगशाळेनं सहा महिने वाट पाहिली होती.

लीलाबाई दारात नळ्यांचा ट्रे घेऊन उभी होती. म्हणाली, "कोरड्या हवेत रुई बी अशीच उडते. तू जरा उठ बरं तिथून."

तिनं पंखा बंद केला. खिडकीला ओली चादर बांधली, फरशीवर पाण्याचा सडा घातला आणि कुपी मात्र झाकून ठेवली. अर्धा तास कुणाला आत येऊ दिलं नाही. मग नळाच्या लोखंडी तोटीला हात लावला, अंगातली वीज जमिनीत गेली, आणि ती काट्यापाशी बसली. श्वास रोखून तिनं जेवढी हवी तेवढी भुकटी चमच्यावर घेतली आणि भांड्यात टाकली. एक कण उडाला नाही. धनंजय बघत राहिला. त्या दिवसापासून नळ्या धुवायला दुसरी बाई आली आणि काटा लीलाबाईकडं गेला.

ती भुकटी म्हणजे एक पेप्टाइड होतं. प्रयोगशाळेच्या प्रमुख रीता मॅडम. त्यांनी लीलाबाईला ते एका दुपारी समजावून सांगितलं, कारण जे हाताळायचं ते काय आहे हे माणसाला ठाऊक असावं असा त्यांचा आग्रह होता. अमिनो आम्लं नावाचे बारीक घटक एकापुढं एक जोडून माणसानं बनवलेली ही साखळी. यात घटक आठच, आणि त्यांतले चार एकाच जातीचे. लीलाबाईनं गळ्यातल्या पोतीला हात लावून विचारलं, म्हणजे आठ मण्यांची पोत? मॅडम म्हणाल्या, तसंच. एचआयव्हीच्या विषाणूच्या अंगावरचा एक तुकडा मेंदूच्या पेशींना मारतो. ही आठ मण्यांची पोत आधी घातली तर पेशी वाचतात का, हे बशीत वाढवलेल्या पेशींवर पाहायचं होतं. परदेशात काहींनी वाचतात म्हटलं होतं, काहींनी शंका घेतली होती.

गल्लीत ही बातमी आपल्या पद्धतीनं पोचली. लीलाबाई एड्सचं काम करते म्हणे. शेजारच्या शोभाबाईनं तर तिच्या घरचं विरजण घेणं बंद केलं. लीलाबाई तिच्या दारात जाऊन उभी राहिली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात तिनं सांगितलं, की आमच्याकडं जिवंत विषाणू नाही, त्याच्या अंगरख्याचा तुकडा आहे, तोही कारखान्यात शिवलेला. आणि विरजण हवं असेल तर आत्ता घे, उद्या मिळणार नाही. शोभाबाईनं वाटी पुढं केली.

आता या कहाणीतली खरी मेख. प्रयोगात नुसतं पेप्टाइड घालून भागत नाही. पेशी वाचल्या तर त्या याच पोतीनं वाचल्या, की कुठलीही पोत चालली असती, हे कसं कळणार? म्हणून दुसरी पोत करतात. मणी तेच, आठच्या आठ. ओवायचा क्रम तेवढा विस्कटलेला. लीलाबाई पहिलीला खरी म्हणायची आणि दुसरीला खोटी. दोन्ही पांढऱ्या, दोन्ही सारख्या कुप्यांत. वजन सारखं, मणी सारखे. फरक क्रमाचा, आणि क्रम डोळ्यांना दिसत नाही.

पण लीलाबाईला फरक दिसायचा. कुपीवर नखानं टिचकी मारली की खरी रुईसारखी फुलायची आणि काचेवर चढायची. खोटीचे पापुद्रे असायचे, ते खाली घसरायचे. धनंजय तिची परीक्षा घ्यायचा. नाव झाकून कुपी पुढं करायचा. ती टिचकी मारून सांगायची. तीन वर्षांत ती एकदाही चुकली नव्हती.

माल मॅडमच्या ओळखीच्या, बाहेरगावच्या एका प्रयोगशाळेतून यायचा. कुपीवर धनंजय कागदाची पट्टी चिकटवून शाईच्या पेनानं नाव लिहायचा. ९९ सालच्या दसऱ्याला फ्रीजरमध्ये अशा आठ कुप्या होत्या. सहा जुन्या, तळाशी आलेल्या. दोन नव्या, गणपतीत आलेल्या, गच्च भरलेल्या, अजून न उघडलेल्या. एक खरी, एक खोटी. शेवटचा मोठा प्रयोग त्या दोन नव्या कुप्यांवरच व्हायचा होता. तो झाला की धनंजयचा प्रबंध पुरा. त्याची मुदत मार्चपर्यंत होती.

लीलाबाईचंही काही ठरायचं होतं. सहा वर्षांच्या रोजंदारीनंतर ट्रस्टनं तिला कायम करायचं ठरवलं होतं. तसा आदेश टाइप होऊन मॅडमच्या टेबलावर सहीसाठी पडला होता. मॅडम दिल्लीला गेल्या होत्या, दसऱ्यानंतर येणार होत्या.

खंडेनवमीची पूजा प्रयोगशाळेत लीलाबाईनंच सुरू केली होती. मॅडमचा देवाधर्माशी संबंध बेताचा, पण त्यांनी मोडता घातला नाही. त्यांची अट एकच होती: कशाचंही झाकण उघडायचं नाही. लीलाबाईनं ती अट पाळली होती. काटा, पेशी वाढवायची पेटी, फ्रीजर, सगळं पुसून कुंकू लावायचं, झेंडू वाहायचा, दोन शेवंतीची फुलं मॅडमच्या खुर्चीला.

त्या वर्षी मात्र तिच्या मनात जिनिंग आलं. जिनिंगमध्ये नुसती यंत्रं पुजत नसत. यंत्रापुढं त्या वर्षाचा माल ठेवायचे. नव्या कापसाची ओंजळ, तिलाही हळदकुंकू. यंत्र कशासाठी आहे ते यंत्रापुढं मांडायचं, असा तो रिवाज. आणि इथं इतकी वर्षं आपण नुसतं लोखंड पुजतो आहोत, असं तिला वाटलं. धनंजयचं काम शेवटाला आलेलं, तिचा आदेश सहीला आलेला. यंदा माल मांडायलाच हवा. तिनं फ्रीजर उघडून आठही कुप्या काढल्या आणि पितळी ताटात, मध्ये झेंडूचं फूल ठेवून, भोवती गोल मांडल्या.

झाकण एकीचंही उघडलं नाही. पण फ्रीजरमधून आलेली कुपी बाहेरच्या हवेत घामेजते. बघता बघता आठही कुप्यांवर पाणी जमलं. पूजेची वस्तू ओली कशी ठेवायची, म्हणून तिनं धुतलेलं फडकं घेतलं आणि एकेक कुपी पुसून, ओलं कुंकू लावून परत ठेवली. पाचवी पुसताना तिचं लक्ष फडक्याकडं गेलं. फडकं निळं झालं होतं.

तिनं ताटाकडं पाहिलं. पट्ट्यांवर नाव नव्हतं. निळा ओघळ होता आणि त्यात लाल कुंकू उतरलं होतं. उरलेल्या तिघींना तिनं अजून हात लावला नव्हता, पण त्यांच्या पट्ट्यांवरची शाई घामानंच खाली आली होती. गोल मांडल्यामुळं कुठली कुठून काढली, हेही आठवेना. लीलाबाईनं आठही कुप्या तशाच आत ठेवल्या, फ्रीजर बंद केला, आणि उरलेली पूजा उरकली.

तिला भीती वाटली ती भुकटी बिघडल्याची नव्हती. कोरडी भुकटी, बंद झाकण, पंधरा मिनिटं बाहेर. त्यानं काही होत नाही हे तिला माहीत होतं. बिघडलं होतं ते नाव. सगळी मेहनत नावावर चालली होती, आणि नाव तिनं स्वतःच्या हातानं पुसलं होतं.

दसऱ्याच्या संध्याकाळी धनंजय सोनं द्यायला घरी आला. दरवर्षी यायचा, होस्टेलवर राहणाऱ्या पोराला तेवढंच घरचं जेवण. आपट्याची पानं तिच्या हातात देऊन तो पाया पडला. तिनं त्याला उठवलं, पाटावर बसवलं, महादेवरावाला बाहेर जायला सांगितलं, आणि काय घडलं ते एका दमात सांगून टाकलं. आड काही ठेवलं नाही.

धनंजय बराच वेळ पानांच्या देठाशी चाळा करत बसला. रागावला नाही. मग म्हणाला की यात एवढं काही नाही, मॅडम यायला तीन दिवस आहेत, उद्या सकाळी तुम्ही टिचकी मारून सांगा, मी नव्या पट्ट्या लिहितो. मॅडमला कळायचं कारणच नाही. तुमचा आदेश सहीला आहे, माझी मुदत मार्चची आहे. दोघांचंही नुकसान कशाला? लीलाबाईला हे ऐकून इतकं हायसं वाटलं, की तिनं त्याला दोन पुरणपोळ्या जास्त वाढल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं काट्याच्या खोलीत बसली. तिनं एकेक कुपी उजेडात धरली, टिचकी मारली, बघितली आणि ठेवली. फुलणाऱ्या उजवीकडं, घसरणाऱ्या डावीकडं. दहा मिनिटांत दोन रांगा झाल्या, चार-चारच्या. भरलेल्या दोन्ही नव्या कुप्याही, एक इकडं, एक तिकडं. हिशेब अगदी जमला, कारण चार खऱ्या आणि चार खोट्याच असायला हव्या होत्या. तिच्या मनात शंका नव्हती. हात नेहमीसारखा चालला होता.

धनंजयनं पट्टी कापली आणि पेनाचं टोपण काढलं.

"तू तपासशील ना कुठी?" तिनं सहज विचारलं.

"काऊन तपासू, मावशी?" तो लिहितालिहिता म्हणाला. "तुमच्या हातावर माहा पुरा भरोसा हाय."

हे वाक्य ऐकायला लीलाबाई वीस वर्षं थांबली होती. भैयाजींच्या तोंडून यावं म्हणून तिनं किती वाट पाहिली होती, नमुन्याची पाकिटं पोस्टात जाताना बघून किती जळफळाट केला होता. आणि आता एका शिकलेल्या पोरानं ते सहज म्हणून टाकलं, आणि तिला आनंद व्हायच्या ऐवजी घाम फुटला. तिला पहिल्यांदाच दिसलं, की तिच्या हाताच्या पुढं आता कुणीच नव्हतं. मुंबई नव्हती, रिपोर्ट नव्हता. हा पोरगा तिच्या टिचकीवर प्रयोग करणार, ते छापून येणार, आणि कुठंतरी दूरचा डॉक्टर ते खरं मानून पुढं चालणार. भैयाजी नमुना पाठवायचे तेव्हा तिला रात्री शांत झोप लागायची. ती झोप कशामुळं लागायची, ते त्या सकाळी तिला कळलं.

तिनं त्याचं मनगट धरलं.

"लिहू नको."

"पण मावशी, तुम्हाले खात्री हाय ना?"

"हाय. म्हणूनच नको लिहू. मॅडमले येऊ दे."

धनंजयनं विनवलं, चिडला, शेवटी तिला तिच्याच आदेशाची आठवण करून दिली. ती हलली नाही. उलट त्या आदेशाचं नाव काढल्यावर ती जास्तच ताठ झाली. तो पेन टाकून बाहेर गेला आणि दोन दिवस तिच्याशी बोलला नाही.

मॅडम आल्या त्या सकाळी लीलाबाई त्यांच्या खोलीत जाऊन उभी राहिली. निळं फडकं तिनं जपून ठेवलं होतं; ते टेबलावर ठेवलं आणि धनंजयच्या पेनाचं सोडून सगळं सांगितलं.

मॅडमचा चेहरा उतरला. "लीलाबाई, माझी अट काय होती?"

"उघडायचं नाई."

"उघडलं का?"

"नाई. पण नाव गेलं, मॅडम. थे उघडण्यापेक्षा वाईट."

मॅडम रागावल्या, आणि त्यांचा राग आवाज न चढवता यायचा, तो जास्त लागायचा. तीन वर्षांचं काम तुम्ही ताटात मांडलंत, म्हणाल्या. सहीसाठीचा आदेश त्यांनी उचलून कपाटात ठेवला. लीलाबाईनं ते बघितलं, पण ती खोलीतून गेली नाही. तिला अजून एक मागायचं होतं.

तपासायचा रस्ता एकच होता. हैदराबादेत एका संस्थेत असं यंत्र होतं, की साखळीचा एकेक मणी टोकाकडून सोडवत तो कुठला ते वाचायचं. नुसतं वजन करून उपयोग नव्हता, दोन्ही पोतींचं वजन एकच. आठही कुप्यांतला कणभर नमुना पाठवायचा, आणि दीड महिना थांबायचं. लीलाबाईची मागणी अशी, की माझ्या हातानं काय सांगितलं ते कागदावर लिहून पाकिटात बंद करा. रिपोर्ट आला की दोन्ही एकत्र उघडा. मॅडमनी कागद घेतला. कुप्यांना एक ते आठ आकडे दिले, तेही शिसपेन्सिलीनं, कारण शिसं पाण्यानं जात नाही. ती सांगत गेली, मॅडम लिहीत गेल्या. खाली तिनं सही केली. मग तिनंच काट्यापाशी बसून आठही नमुने तोलले. त्या दिवशीही एक कण उडाला नाही.

दीड महिन्याचे दोन महिने झाले. धनंजयचा अबोला सुटला, पण बोलण्यात पूर्वीची मोकळीक नव्हती. महादेवरावानं एकदा भीतभीत विचारलं, की बोलली नसती तर चाललं नसतं का. तिनं भाकरी जरा जोरात थापली. आपण चुकलेलो नाही, याबद्दल तिला तेव्हाही खात्री होती. तिला हवा होता तो फक्त शिक्का. रिपोर्ट येईल, आठच्या आठ जुळतील, आणि मग बघू या कोण काय म्हणतं.

डिसेंबरच्या अखेरीस रिपोर्ट आला. मॅडमनी दोघांना बोलावलं, पाकीट फोडलं आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून बोट फिरवत गेल्या. एक, जुळला. दोन, जुळला. तीन, जुळला. लीलाबाईची मान जराशी वर झाली. चौथ्यावर बोट थांबलं. मॅडमनी लीलाबाईच्या कागदावर लाल पेनानं गोल केला. पाच जुळला, सहा जुळला. सातव्यावर दुसरा गोल. आठ जुळला.

चौथी आणि सातवी. भरलेल्या, नव्या, गणपतीत आलेल्या. तिनं जिला खरी म्हटलं ती खोटी होती, आणि खोटी म्हटलं ती खरी. धनंजयचा शेवटचा प्रयोग याच दोन कुप्यांवर होणार होता. पेशी वाचवणाऱ्या पोतीवर त्यानं खोटी म्हणून पट्टी लावली असती, आणि तीन वर्षांच्या कामाला शेवटच्या पानावर उलटं उत्तर आलं असतं. धनंजयच्या ते लक्षात आलं तसे त्यानं दोन्ही कागद ओढून घेतले आणि ते दोन आकडे पुन्हा वाचले.

लीलाबाई उभीच होती. तिला खूप लागलं होतं, आणि ते लपवायचा तिनं प्रयत्न केला नाही. ती म्हणाली, "लॉट बदलला होता. गणपतीत आलेला माल दुसऱ्या घाण्याचा. त्याच्यात खरी पापुद्र्याची हाय अन् खोटी फुलते. अन् मी जुन्याच हातानं पाह्यलं." मग म्हणाली, "मुंबईवाल्याईची बी चूक नसन तवा."

शेवटचं वाक्य त्या दोघांना कळलं नाही. भैयाजींना कळलं असतं.

मॅडम कपाटापाशी गेल्या, आदेश काढला आणि त्यावर सही केली. धनंजयकडं वळून म्हणाल्या, की पट्टी लिहायला पेन उघडलं होतंस ते मला माहीत आहे. लीलाबाईंनी सांगितलं नाही, तुझ्या तोंडावर दोन महिने लिहिलेलं होतं. त्यानं मान खाली घातली. पट्ट्या त्या दिवसापासून शिसपेन्सिलीनं लिहायच्या ठरल्या, आणि फ्रीजरची किल्ली लीलाबाईच्या कमरेला आली.

धनंजयचा प्रयोग जानेवारीत झाला. त्याच्या बशीत खऱ्या पोतीनं बऱ्याच पेशी वाचल्या, खोटीनं वाचल्या नाहीत. त्यातून औषध निघालं का, तर नाही. एका बशीतून औषध निघत नसतं. पण जे लिहिलं ते सुलटं लिहिलं गेलं. मार्चमध्ये प्रबंध गेला आणि धनंजय नोकरीला पुण्याला गेला. जाताना तो पुन्हा तिच्या पाया पडला, आणि त्या वेळी दोघांच्याही डोळ्यांत पाणी होतं.

आपली सही असलेला तो कागद मात्र लीलाबाईनं मॅडमकडून मागून घेतला. पुढच्या खंडेनवमीला तिनं काटा पुसला, फ्रीजरच्या दाराला कुंकू लावलं, आणि काट्यापुढं, जिथं माल मांडायचा, तिथं तो कागद ठेवला, दोन लाल गोलांसकट. त्यावर फूल वाहिलं. दरवर्षी तो कागद ताटात असायचा, बाकी वर्षभर काट्याच्या खणात.

२००७ साली ती निवृत्त झाली. शेवटच्या दिवशी काट्याचं काम अंकिता नावाच्या नव्या मुलीकडं द्यायचं होतं. अंकिता आर्वीची, एम.एस्सी. झालेली, लीलाबाईबद्दल ऐकून ऐकून दबलेली. लीलाबाईनं तिच्यासमोर एक शेवटचं वजन केलं, कुपी बंद केली आणि तिच्या हातात दिली. अंकितानं ती तशीच फ्रीजरकडं न्यायला घेतली.

"वजन पाह्यलं नाई तू?" लीलाबाईनं विचारलं.

"तुम्ही केलं म्हणजे बरोबरच असन ना, मावशी."

लीलाबाईनं खण उघडला. घडीवर पिवळा पडलेला, कुंकवाचे डाग पडलेला कागद काढला, उलगडला आणि तिच्यापुढं ठेवला. अंकितानं आठ आकडे वाचले, दोन लाल गोल पाहिले, खालची सही पाहिली.

"हा माहा हात हाय," लीलाबाई म्हणाली. "आता कर वजन."

अंकितानं पंखा बंद केला, तोटीला हात लावला आणि काट्यापाशी बसली. वजन ठरल्याइतकंच भरलं, शेवटच्या आकड्यापर्यंत. ते भरणार हे आपल्याला आधीच माहीत होतं, असं लीलाबाई तोंडानं काही म्हणाली नाही. तिनं कमरेची किल्ली सोडून टेबलावर ठेवली, आणि पदर नीट करून बाहेर पडली.